पान एकशे एकोणसाठवरची नासपती

अकरा वर्षांपूर्वी आलेल्या एका पत्राचं उत्तर मी दिलं नव्हतं. पत्र रागाचं असतं तर दिलं असतं. रागावलेल्या माणसाची माफी मागून मोकळं होता येतं. हे पत्र रागाचं नव्हतं, आणि तिथेच माझं घोडं अडलं.

मी एका छापखान्यात मुद्रितं तपासायचो. चौतीस वर्षं तपासली. दुसऱ्याने लिहिलेलं वाचायचं, समासात खुणा करायच्या आणि आपण मजकुराबाहेर राहायचं, हे काम माझ्या स्वभावाला मानवणारं होतं. एकदा फळझाडांच्या निगेवरचं एक पुस्तक छपाईला आलं. सोळा पानांचे दहा फर्मे, म्हणजे एकशे साठ पानं धरली होती, पण मजकूर दोन पानं कमी भरला. लेखक तोवर मुलाकडे परदेशी निघून गेले होते. मालक माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, "शेवटची दोन पानं कोरी जातायत हो. नासपतीवर यात काहीच नाही. तुम्हीच लिहून टाका. एवढं वाचता, दोन पानं नाही व्हायची?"

मी नासपतीचं झाड कधी पाहिलेलं नव्हतं. ते सांगायची मला लाज वाटली. ग्रंथालयातून चार पुस्तकं आणली. त्यांत खतं होती, कीड होती, छाटणी होती. फळ कधी तोडायचं हे मात्र कुणीच लिहिलं नव्हतं. तेव्हा इतर फळांवरून अंदाज बांधला आणि पान एकशे एकोणसाठवर लिहिलं : 'फळ झाडावरच पूर्ण पिवळे होऊन सुवास सुटेपर्यंत तोडणी करू नये.' वाक्य मला फार आवडलं होतं. लेखकमहाशयांनी छापील प्रत पाहिली आणि काहीच हरकत घेतली नाही. ती पानं त्यांना आपलीच वाटली असावीत. माझ्या शैलीला आयुष्यात मिळालेली तेवढी एकच दाद.

दोन वर्षांनी पत्र आलं. पाकिटावर लेखकांचं नाव होतं, पण मालकांनी ते वाचून माझ्यापुढे ठेवलं. "हे तुमचं," एवढंच म्हणाले. लिहिणाऱ्या एक बाई होत्या.

'आपण पान एकशे एकोणसाठवर लिहिल्याप्रमाणे यंदा आम्ही सगळी फळे झाडावर पिवळी होऊ दिली. ती जवळजवळ सगळी आतून तपकिरी होऊन मऊ पडली. बाहेरून एकावरही डाग नव्हता. आमच्या घरचे म्हणतात, पुस्तक चुकले. मला तसे वाटत नाही. आपण पाहिल्याशिवाय लिहिणार नाही. झाडावर पिकणारी एखादी जात असली पाहिजे. तिचे नाव कळवाल का? ती लावायची माझी इच्छा आहे.'

'आपण पाहिल्याशिवाय लिहिणार नाही.' या वाक्यापुढे मी अकरा वर्षं बसून राहिलो. पाकीट तयार केलं, त्यावर पत्ता घातला, तिकीट चिकटवलं. आत घालायचा कागद मात्र लिहून झाला नाही. पहिला आठवडा लाजण्यात गेला, पहिलं वर्ष मसुदे फाडण्यात, आणि पुढची सगळी 'आता फार उशीर झाला' असं म्हणण्यात.

परवाच्या शनिवारी भाची घरी आली. तिची आई, म्हणजे माझी मोठी बहीण, आणि मी एकाच घरात राहतो. ती बोलते आणि मी ऐकतो, अशी वाटणी आहे.

"मामा, उद्या आम्ही एका बागेत चाललोय," भाची म्हणाली. "आपल्या हाताने फळं तोडायची, वजन करून घरी आणायची. तिथेच एक छोटा कॅफे आहे. तू येणार नाहीस हे माहीत आहे, पण विचारायचं म्हणून विचारते."

तिने फोनवर बागेचा फोटो दाखवला. खाली गावाचं नाव होतं. ते नाव माझ्या अक्षरात एका पाकिटावर अकरा वर्षं पडून होतं.

"येतो," मी म्हणालो.

ताईने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "अगं, याच्या कपाळाला हात लावून बघ. ताप आहे का?"

मला त्या बाईंना भेटायचं नव्हतं. एवढं धाडस मी स्वतःच्या नावावर लावणार नाही. मला फक्त बघायचं होतं. बाग अजून आहे का, तिथे नासपती अजून लावतात का, आणि माझ्या त्या वाक्याने नक्की काय काय केलं. लांबून, कुंपणाबाहेरून दिसलं असतं तरी चाललं असतं. तरी निघताना मी ते पत्र आणि ते पाकीट कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं. का ठेवलं, ते विचारू नका.

गाडीत ताई पुढे बसली होती. फोनमधली बाई डावीकडे वळा म्हणाली की ही उजवीकडे म्हणायची. "ती काय इथे राहिलीय कधी?" 

"तू तरी राहिलीयस का आई?" 

"मी निदान खिडकीबाहेर बघतेय."

मीही बघत होतो. शहर संपलं, गोदामं संपली, मग एक लांबच लांब भिंत आली आणि भिंतीमागून झाडांचे शेंडे दिसायला लागले. नासपतीचं पान असं चकचकीत असतं हे मी दोन पानांत कुठेच लिहिलं नव्हतं. चित्रात कळत नाही ते.

फाटकाजवळ एक टेबल, त्यावर वजनकाटा, शेजारी एकात एक रचलेल्या टोपल्या. गवती टोपी घातलेला एक उंच, वयस्क माणूस प्रत्येकाच्या हातात टोपली देत होता. बाग त्याचीच होती हे त्याच्या उभं राहण्यावरून कळत होतं. त्याने आम्हाला पहिल्या रांगेतल्या एका झाडाखाली नेलं.

"ओढायचं नाही," तो म्हणाला. "फळ असं तळव्यात घ्यायचं आणि हळूच वर उचलायचं, आडवं होईपर्यंत. तयार असेल तर देठ आपोआप सुटतो. नाही सुटला तर सोडून द्यायचं. चार दिवसांनी परत विचारायचं."

"विचारायचं?" भाची म्हणाली.

"आम्ही विचारणंच म्हणतो. दिवसाला हजार फळांना विचारतो मी. घरात एवढं कुणाला विचारत नाही."

"दिसतंय ते," ताई म्हणाली. तोवर तिने एक फळ चाचपून पाहिलं होतं. "पण हे तर दगड आहेत दगड. हिरवेगार. कच्चे का देताय आम्हाला?"

"कच्चंच तोडायचं, बाई. घरी नेऊन ठेवा. आठवड्याने देठापाशी अंगठा दाबून बघा, दबलं की खा. हे फळ आतून बाहेर पिकत येतं. झाडावर पिवळं दिसेपर्यंत थांबलात तर आतलं सगळं गेलेलं असतं. वरून सोनं, आत चिखल. असलं फळ निघालं की आम्ही त्याला पुस्तकी म्हणतो."

"पुस्तकी?" मी विचारलं. आवाज माझाच होता, पण खूप लांबून आल्यासारखा.

"ती मोठी गोष्ट आहे. कॅफेत बायको आहे, तिला विचारा. मी सांगायला लागलो की आमचं भांडण होतं."

तो दुसऱ्या लोकांकडे गेला. ताई माझ्याकडे वळली. तिला सगळं आठवतं, हा तिचा मोठा दोष आहे. "काय रे कोपऱ्या," ती म्हणाली. लहानपणी मी सदा कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसायचो, तेव्हापासून हे नाव चिकटलंय. "तू ते फळांच्या पुस्तकात नासपतीवर लिहिलं होतंस ना? मला मोठ्या ऐटीत वाचून दाखवलं होतंस."

"ताई, जरा शिडी धर," मी म्हणालो.

शिडीची तशी काही गरज नव्हती, फळं हाताशीच होती. पण दोन पायऱ्या चढलो की ताईचा चेहरा दिसत नव्हता.

मी पहिलं फळ तळव्यात घेतलं. थंड होतं, आणि वाटलं होतं त्यापेक्षा जड. वर उचललं. ते आडवं झालं, फांदी थोडी वाकली, पण देठ सुटेना. सोडून दिलं. दुसऱ्याचंही तेच. इथेही आपल्याला जमणार नाही, असं माझ्या मनात आलंच. तिसरं उचललं आणि काही न होताच ते हातात होतं. ना आवाज, ना झटका. देठाच्या टोकाला एक स्वच्छ गोल खूण, जणू ते कधी जोडलेलं नव्हतंच. मी किती वेळ ती खूण बघत होतो कोण जाणे. चौऱ्याहत्तराव्या वर्षी मी पहिल्यांदा एका फळाला विचारलं होतं आणि त्याने होकार दिला होता.

मग मला थांबवेना. कुठल्या बाजूची फळं आधी सुटतात, उन्हातली की सावलीतली, शेंड्याची की खालची, हे बघत मी रांगेच्या टोकापर्यंत गेलो. नेहमी पेन्सिलला टोक काढायला खिशात चाकू असतो, त्याने एक-दोन फळं कापूनही पाहिली. आत पांढरी, करकरीत.

रांगेच्या शेवटी एक जुनं, मोठं झाड होतं. त्याच्याभोवती चार खुंट्या आणि दोरी. बाकीच्या झाडांवर हिरवं होतं, आणि या एका झाडावर सगळं पिवळंधमक. गांधीलमाश्या घोंघावत होत्या. एक जाड फांदी खोडापासून मोडून गेल्याचा व्रण होता आणि दुसरीला खालून टेकू दिला होता. आणि सुवास असा सुटला होता की मी जागच्या जागी उभा राहिलो. माझं वाक्य होतं ते. 'पूर्ण पिवळे होऊन सुवास सुटेपर्यंत.' कुणीतरी ते शब्दशः पाळलं होतं.

खाली पडलेलं एक फळ उचललं. वर डाग नव्हता. कापलं, तर चाकू नुसता आत बुडाला. आत ओल्या मातीचा रंग.

"त्याला हात नाही लावायचा," गवती टोपी मागून म्हणाली. "पडलेलं असेल तर हरकत नाही. पण झाड बायकोचं आहे. बाकीच्यांच्या महिनाभर आधी तयार होतं, तरी त्याची फळं ती तोडू देत नाही."

"का?"

"वाट बघतेय."

"कशाची?"

"कॅफेत विचारा म्हटलं ना. आधी कॉफी घ्या, मग विचारा. गोष्ट लांबते."

त्या क्षणी मी घरी जायला हवं होतं. माझ्यासारख्या माणसाने जे केलं असतं ते हेच. पण मला कळून घ्यायचं होतं, आणि ती हाव भीतीपेक्षा मोठी निघाली.

कॅफे म्हणजे पूर्वीची फळं भरायची खोली. फळांची खोकी भिंतीला लावून त्यांचे कप्पे केलेले, सहा टेबलं, आणि एकीसारखी दुसरी खुर्ची नाही. काउंटरमागे पासष्टीच्या आसपासच्या बाई होत्या, आखूड केस, कानामागे पेन्सिल. आम्ही खिडकीशी बसलो. टेबलावर काय मिळतं त्याची चिठ्ठी होती : कॉफी, चहा, केक, आणि शेवटी 'पाव आणि पुस्तकी'.

"हे पुस्तकी काय आहे हो?" भाचीने विचारलं. माझ्यात धीर नव्हता.

"जॅम," बाई म्हणाल्या. "आणते, मग सांगते."

जॅम गडद तपकिरी होता. गोड होता, पण नुसता गोड नाही. पाठीमागे जळक्या साखरेसारखं काहीतरी. ताईने दुसरा पाव मागवला. तिच्या दृष्टीने ती मोठी पावती.

बाई जवळची खुर्ची ओढून बसल्या. "आम्ही शहरातून इथे आलो तेव्हा दोघांनाही झाडांतलं काही कळत नव्हतं. माझ्याकडे एक पुस्तक होतं. त्यात लिहिलं होतं, फळं झाडावर पिवळी होऊ द्या. हे म्हणत होते तोडू या, शेजारचे तोडतायत. मी म्हटलं, पुस्तकात आहे. मी ऐकलं नाही. सगळी बाग आतून गेली. महिनाभर आम्ही एकमेकांशी बोललो नाही. मग मी एकटीने बसून एकेक फळ कापलं, वाईट काढलं, उरलेलं मोठ्या पातेल्यात घालून आटवलं. पहिल्या बाटल्या रस्त्यावर स्टुलावर मांडल्या होत्या. नाव यांनी ठेवलं. मला टोचायला ठेवलं होतं, आणि तेच चाललं."

"आणि ते दोरीतलं झाड?" भाचीने विचारलं.

"पहिल्या वर्षी कापता कापता त्या झाडाची दोन फळं निघाली, पिवळी असून आतून पांढरी. दोनच. म्हणून मला वाटलं, पुस्तकवाल्याने असं काहीतरी पाहिलं असणार. पत्र लिहिलं. उत्तर नाही आलं. मग म्हटलं, आपणच बघू. दरवर्षी ते एक झाड मी तोडत नाही."

त्यांनी उठून खिळ्याला दोरीने टांगलेलं पुस्तक काढून आणलं आणि भाचीपुढे ठेवलं. भाचीने ते माझ्याकडे सरकवलं, कारण घरात पुस्तक असलं की ते माझ्याकडेच सरकतं.

पान एकशे एकोणसाठ आपोआप उघडलं. कोपऱ्यावर जॅमचे डाग होते. माझ्या वाक्याशेजारी समासात बारीक पेन्सिलीच्या ओळी होत्या. एकेका वर्षाची एकेक ओळ, शेजारी तारीख. 'दोन पांढरी, बाकी तपकिरी.' 'सर्व तपकिरी, चार किडकी.' 'दहा दिवस आधी पाहिली, तरी तपकिरी.' 'पाऊस कमी. तपकिरी.' 'मोठी फांदी मोडली.' अकरा ओळी. बाराव्या ओळीत नुसतं वर्ष घातलेलं होतं.

आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या समासात खुणा केल्या. माझ्या मजकुराचं मुद्रित इतक्या काळजीने कुणी तपासत असेल, हे मला माहीत नव्हतं.

"उत्तर आलं असतं तर?" मी विचारलं. त्या दिवसभरात परक्या माणसाशी बोललेलं माझं ते सगळ्यात लांब वाक्य.

"काहीही आलं असतं तरी चाललं असतं," बाई म्हणाल्या. "नाही म्हणून आलं असतं तरी. बागेतलं सगळ्यात जुनं झाड आहे ते. फळ वेळेवर उतरवलं नाही की फांद्यांना वजन झेपत नाही, गेल्या वर्षी एक गेलीच. हे म्हणतात, सोड आता नाद. पण असं लिहिणाऱ्याने एकदा तरी म्हणायला हवं ना, की सोड. मी कुणाच्या भरवशावर सोडू? लिहिणारा वारलाही असेल, देव जाणे."

टेबलाखाली ताईचा पाय माझ्या पायावर आला. जोरात आला. तिने ओठ न हलवता म्हटलं, "बोल."

मी तोंड उघडलं. बाई माझ्याकडे पाहत होत्या. त्यांचे डोळे मोकळे होते, ऐकायला तयार.

"कॉफी छान आहे," मी म्हणालो.

"थँक यू," बाई म्हणाल्या आणि दुसऱ्या टेबलाकडे गेल्या.

ताईने डोळे मिटून घेतले. मग भाचीला म्हणाली, "चल गं, फळांचं वजन करून येऊ. इथे बसले तर मी याच्या डोक्यात जॅमची बाटली घालीन."

त्या गेल्या. मी खिशातून पाकीट काढलं, एक कोरा कागद काढला. माझ्याकडे कोरा कागद नेहमी असतो, अडचण कधी कागदाची नव्हती. मग तिसरं फळ आठवलं, ते कसं काही न होता हातात आलं होतं. लिहायला दहा मिनिटंही लागली नाहीत.

'आपल्या पत्राला उत्तर द्यायला मला अकरा वर्षे लागली. झाडावर पिकणारी अशी जात मला माहीत नाही. ती आहे असे समजून मी लिहिले नव्हते. काहीच माहीत नसताना लिहिले होते. पान एकशे एकोणसाठ पुस्तकाच्या लेखकांचे नाही, माझे आहे. मी छापखान्यात मुद्रिते तपासत असे. फर्म्यात दोन पाने कोरी राहत होती, ती भरायची होती. नासपतीचे झाड मी आज पहिल्यांदा पाहिले, आपल्याच बागेत. तो मजकूर आपण खोडावा. त्या दोन पांढऱ्या फळांचे कारण मला सांगता येत नाही. दोरी काढावी, ही विनंती. दुपारी खिडकीशी बसून कॉफी छान आहे म्हणणारा म्हातारा मीच. जॅमही छान आहे, ते सांगायचे राहिले.'

खाली नाव आणि पत्ता लिहिला. कागद दुमडून पाकिटात घातला.

बाहेर आलो तर भाची गाडीत टोपल्या ठेवत होती. माझ्या हातातल्या पाकिटावर तिने पत्ता वाचला, मग मागे वळून कॅफेच्या दारावरची पाटी वाचली. ताईने तिला तोवर सगळं सांगितलेलं असणारच.

"मामा, त्या तिथे कप विसळतायत. वीस पावलं. हातात दे ना."

"पत्र टपालाने आलं होतं," मी म्हणालो.

"राहू दे गं त्याला," ताई म्हणाली. "हातात द्यायला गेला तर परत कॉफीचंच कौतुक करून येईल."

टपालपेटी रस्त्यापलीकडे होती. पेटीवर लिहिलं होतं, पुढची टपाल-उचल सोमवारी सकाळी. पत्र शहरात जाणार, शिक्का खाणार आणि त्याच रस्त्याने परत या दारात येणार. पाकिटावरचं तिकीट अकरा वर्षांपूर्वीच्या दराचं होतं. माझ्या पैशांच्या पाकिटात कायम तिकिटं असतात; मी आणखी दोन लावली आणि मग, खात्री नव्हती म्हणून, तिसरंही.

रस्त्यापलीकडे खिडकीत बाई ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. मी पत्र फटीत अर्धं घातलं आणि थोडा वेळ तसंच धरून ठेवलं. मग हात सोडला. तळाशी पडल्याचा आवाज आला. पेटी रिकामी असावी.

"गेलं का?" ताईने गाडीतून विचारलं.

"गेलं," मी म्हणालो.